संगणकाची वाचा गेली तर

( नभोवाणीवरून झालेलें भाषण )

मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर. मुलांना गणित आणि मराठी शिकविण्यांत माझा जन्म गेला. स्वतःचें शिक्षण मात्र मॅट्रिकच्या फारसें पुढें गेलें नाहीं. तेव्हां संगणकासारख्या विषयावर हा गृहस्थ काय बोलणार, असें आपणांस वाटल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु बंद पडलेलें घड्याळ, गळका नळ आणि चुकलेलें गणित ज्यास स्वस्थ बसूं देत नाहीं, त्यास सेवानिवृत्तीनंतर उद्योग शोधावा लागत नाहीं. उद्योगच त्याचें घर शोधीत येतो.

गेल्या पावसाळ्यांत असाच एक उद्योग रिक्षांतून माझ्या दारीं आला. आमच्या शाळेचे संगीतशिक्षक, माझे जिवलग स्नेही, २००३ सालीं वारले. त्यांचा मुलगा घराच्या डागडुजीसाठीं माळा रिकामा करीत असतां वडिलांचा १९९८ सालचा संगणक निघाला. भंगारवाला दारांत उभा होता. पण आईनें मुलास अडविलें. शाळेच्या स्नेहसंमेलनांतील गीतांना आमच्या मित्रानें लाविलेल्या चौदा चाली त्या यंत्रांत होत्या. त्या कोठें कागदावर उतरलेल्या नव्हत्या, ध्वनिफितीवरही नव्हत्या. मुलगा मला म्हणाला, "काका, यंत्र सुरू होतें. चालींचीं नांवेंही पडद्यावर दिसतात. पण आवाज येत नाहीं. सगळें गेलें असेल तर आईला एकदां तसें सांगून टाकूं."

आवाज नाहीं म्हणजे चालही नाहीं, हा त्याचा निष्कर्ष. तो किती चुकीचा होता आणि खरें कारण कसें शोधावें, इतकेंच मला आज सांगावयाचें आहे.

विहिरीचें पाणी पाटानें वाफ्यांत जातें. शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर शाहणा शेतकरी लगेच विहीर आटली असें म्हणत नाहीं. तो वाफ्यापासून पाटाच्या कडेकडेनें उलट चालूं लागतो, आणि पाणी कोठें फुटलें किंवा तुंबलें तें पाहतो. संगणकांतील आवाजाचेंही तसेंच आहे. शेवटच्या टोकापासून मागें यावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलल्यावर काय झालें तें वहींत टिपून ठेवावें. एकदम चार खुंट्या पिरगाळणारास आवाज आला तरी तो कशानें आला हें समजत नाहीं.

प्रथम ध्वनिक्षेपक. त्याची तार मोबाईल किंवा रेडिओमध्यें घालून पाहावी. तेथें तो बोलला तर तो निर्दोष. मग तीच तार संगणकाच्या पाठीमागें कोठें घातली आहे तें पाहावें. ध्वनीच्या कार्डाला एकाच आकाराचीं तीन छिद्रें असतात. १९९९ च्या सुमारास रूढ झालेल्या संकेताप्रमाणें ध्वनिक्षेपकाचें छिद्र पोपटी, मायक्रोफोनचें गुलाबी आणि बाहेरचा ध्वनि आंत घेण्याचें फिकें निळें असतें. त्याहून जुन्या कार्डांवर बहुधा रंग नसतात; पत्र्यावर ठोकलेलीं बारीक चिन्हें असतात आणि माझ्या वयाच्या माणसास तीं बॅटरीच्या उजेडांतच दिसतात. आमची तार मायक्रोफोनच्या छिद्रांत होती. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असें होऊं नये म्हणून ही किरकोळ पाहणी आधीं करावी.

दुसरी पायरी पडद्यावरची. विंडोज ९८ मध्यें उजवीकडे खालच्या कोपऱ्यांत ध्वनिक्षेपकाचें एक चिमुकलें पिवळें चित्र असतें. त्यावर दोन वेळां टिचकी मारली कीं एकाऐवजीं अनेक सरकपट्ट्या दिसूं लागतात: एक सर्व आवाजाची, एक मुद्रित ध्वनीची, एक मिडीची, एक तबकडीची. प्रत्येकीखालीं तो मार्ग मुका करण्याची खूण वेगळी असते. मुख्य पट्टी वर असूनही मिडीची पट्टी तळाशीं असूं शकते. आमच्या पट्ट्या ठीक होत्या.

आतां संगणक सुरू करतांच जी लहानशी धून वाजते ती वाजली खरी, पण कशी? पहिलाच तुकडा पुनःपुन्हां, जुन्या तबकडीच्या चरींत सुई अडकावी तसा. श्रोतेहो, हें लक्षण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या काळच्या संगणकांत प्रत्येक उपकरणास "माझ्याकडे लक्ष द्या" असें मुख्य प्रोसेसरला कळविण्यासाठीं एक रेषा नेमून दिलेली असे. या रेषांस आयआरक्यू म्हणत. त्या एकंदर १६. शून्यापासून पंधरापर्यंत क्रमांकाच्या. ध्वनीच्या कार्डाकडे बहुधा पांचवी रेषा असे. कार्डानें ध्वनीचा एक घांस संपविला कीं त्या रेषेवरून तें दुसरा मागावयाचें. ही हांक वर पोंचलीच नाहीं, तर तोच घांस पुनःपुन्हां चघळला जातो.

हांक कां पोंचत नव्हती? समजा, वर्गांत दोन मुलांस पांच हाच हजेरी क्रमांक दिला. मास्तरांनीं "पांच" म्हणतांच दोघे उठणार, आणि हजेरीचा घोळ होणार. मुलानें २००२ सालीं इंटरनेटसाठीं त्या संगणकांत एक मोडेम बसविला होता, आणि त्याचीही रेषा पांचवीच होती. 'डिव्हाइस मॅनेजर' नांवाच्या यादींत ध्वनीच्या कार्डापुढें पिवळें उद्गारचिन्ह होतें तें यामुळेंच. मोडेमचें आतां कामही उरलें नव्हतें. मीं भिंतींतील प्लग काढला, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरविली, आणि मोडेम उपसून बाहेर ठेविला. अशा वेळीं विद्युत् पुरवठ्याची जी बंद डबी आंत असते ती मात्र कोणीही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांत धोक्याइतकी वीज शिल्लक राहूं शकते.

यंत्र पुन्हां सुरू केलें. धून शेवटपर्यंत वाजली! मुलगा आनंदला. आम्हीं लगेच पहिली चाल उघडली. पडद्यावर कांटा पुढें सरकूं लागला, सेकंद मोजले जाऊं लागले, आणि खोलींत संपूर्ण शांतता. मुलाचा चेहरा उतरला.

येथें मिडी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून ठरविलेली ही एक भाषा आहे. १९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका प्रदर्शनांत जपानच्या रोलंड आणि अमेरिकेच्या सीक्वेन्शियल सर्किट्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें प्रथम या भाषेनें जोडून दाखविलीं गेलीं. मिडीच्या फायलींत ध्वनि नसतो, स्वरलेखन असतें. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली, आणि केव्हां सोडली, इतकीच नोंद. पेटीच्या मधल्या सप्तकांतील पांढरी एक हिचा क्रमांक ६०. दाबाचें माप १२७ पर्यंत. पंडित भातखंडे यांनीं शेंकडों बंदिशी स्वरलिपींत उतरवून ठेविल्या. त्यांचें पुस्तक कानाशीं धरलें तर कांहीं ऐकूं येत नाहीं. म्हणून बंदिश नाहींशी झाली, असें आपण म्हणतों काय? पुस्तक आहे, गाणारा पाहिजे, इतकेंच.

मग आमच्या यंत्रांतील गाणारा कोठें होता? ध्वनीच्या कार्डांत एक लहानसा सिंथेसायझर असतो. त्यास ती पांचवी रेषा लागतच नाहीं. म्हणजे मोडेमच्या भांडणाशीं मिडीच्या मौनाचा संबंध नव्हता. रोग दोन होते. कंट्रोल पॅनेलमध्यें 'मल्टिमीडिया' आणि त्यांत 'मिडी' असें पान आहे. तेथें चाल कोणाकडे पाठवावयाची त्या वाद्यांची यादी असते. खूण आंतल्या सिंथेसायझरपुढें नव्हती. ती होती बाहेरच्या वाद्यापुढें.

तेव्हां सारा उलगडा झाला. कार्डाच्या पाठीमागें खेळाची दांडी लावण्यासाठीं पंधरा भोंकांचें जें तोंड असतें, त्यांतूनच मिडीची तारही निघते. आमचे मित्र शाळेचा कीबोर्ड घरीं आणून त्या तारेनें जोडीत. त्यांची बोटें कीबोर्डवर चालत, नोंद संगणकांत होई, आणि चाल परत वाजे तीही कीबोर्डच्याच ध्वनिक्षेपकांतून. म्हणूनच मोडेमनें केलेला घोटाळा त्यांच्या कानीं कधीं आलाच नाहीं. ते गेल्यावर कीबोर्ड शाळेला परत केला गेला. आणि संगणक? मुलानें चाल उघडली कीं तो ती इमानानें, सेकंदास ३१,२५० बिट्स या वेगानें, मोकळ्या तोंडांतून बाहेर पाठवीत होता. ऐकणारें वाद्य तेवढें समोर नव्हतें.

मीं खूण बदलून आंतल्या सिंथेसायझरपुढें केली, आणि चाल वाजली. खरें सांगावयाचें तर वाईट वाजली. १९९१ सालीं ठरलेल्या १२८ वाद्यांच्या सर्वमान्य यादींत १०५ वी सतार आहे, ११२ वी सनई आहे. तबला मात्र नाहीं. त्या जुन्या कार्डाची सनई जत्रेंतल्या पिपाणीसारखी होती, आणि ठेका कोठल्याशा परदेशी ढोलावर होता. मुलगा हिरमुसून म्हणाला, "बाबांचें असें नव्हतें." पण वहिनी त्याच वेळीं आंत आल्या आणि उभ्याउभ्याच ऐकूं लागल्या. अंतऱ्याकडे जातांना सूर क्षणभर रेंगाळला, मग हळूच उचलला गेला. वहिनी म्हणाल्या, "इथें ते असेच थांबत." वाद्य दुसरें होतें, परंतु थांबणें त्यांचें होतें, बोटांचा दाब त्यांचा होता. नोंद झाली होती ती याचीच.

आतां माझी चूक सांगतों. हे सारे प्रयोग मीं चालींची प्रत काढण्यापूर्वीं केले. वीस वर्षें माळ्यावर पडलेली हार्ड डिस्क त्यांतल्या कोणत्याही क्षणीं कायमची थांबली असती, आणि मग वहिनींस मीं काय सांगितलें असतें? आवाज मागाहून शोधतां येतो. नोंद गेली कीं गेली. म्हणून ज्यांच्या घरीं असा जुना संगणक असेल त्यांनीं तो सुरू होतांच पहिलें काम प्रतीचें करावें. तें अवघडही नाहीं. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर उत्तम प्रतीचा मुद्रित ध्वनि जेमतेम आठ सेकंदांचा मावतो. पण आमच्या चौदाही चालींनीं तिचा दहावा हिस्सा व्यापला नाहीं. यूएसबीला जोडण्याचा फ्लॉपीवाचक घेऊन मीं त्या नव्या संगणकावर उतरविल्या. आजच्या विंडोजमध्येंही मिडी वाजविणारा सिंथेसायझर असतो, आणि त्याची सनई पुष्कळच सुसह्य आहे. एक प्रत मुलाकडे, एक वहिनींकडे, एक माझ्याकडे ठेविली आहे. शिवाय शाळेंतील हल्लींच्या संगीतशिक्षिका त्या चाली ऐकून वहींत स्वर लिहून घेत आहेत. कारण वहीला रेषाही लागत नाहीं आणि तारही लागत नाहीं.

भंगारवाला दारांत येईल तेव्हां त्यास पांच मिनिटें थांबवावें. यंत्र मुकें असेल तर तें रिकामें आहे असें समजूं नये. तें कदाचित् अजून बोलत असेल, आणि आपण त्याची तार भलत्याच तोंडांत घातली असेल.