आयसीयू की घर : विचारायचं कुणाला?



हा विषय कुणालाच आवडत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आपलं माणूस आता बरं होणार नाही, असं डॉक्टर सांगतात. मग त्याला आयसीयूत ठेवायचं की घरी आणायचं, हे कोण ठरवतं? दवाखान्याच्या जिन्यात उभे असलेले मुलगे, जावई आणि फोनवर दुबईचा भाऊ. पेशंटला कुणी विचारत नाही. घरी आणल्यावर जी कूस बदलणार, नळीने भरवणार, रात्र-रात्र जागणार, त्या सुनेलाही नाही.

माझ्या नानीच्या वेळी अम्मी मामांना म्हणाली, "ती शुद्धीत आहे. आधी तिला विचारू." नानी म्हणाली, "घरी न्या. पण दुखू देऊ नका."

यातलं दुसरं वाक्य आपण विसरतो. घरी आणणं म्हणजे इलाज सोडणं नव्हे. मॉर्फिनच्या गोळ्या, जखमेची काळजी, दम लागल्यावर काय करायचं, हे सगळं पॅलिएटिव्ह केअरवाले घरच्यांना शिकवतात. आणि दोन खोल्यांत सात माणसं राहत असतील, तर घराचा हट्टही नको. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आहे.

"मशीन काढलं तर गुनाह लागेल" हे प्रत्येक मय्यतीत ऐकतो. मौलानांना जरूर विचारा, पण डॉक्टरांचा कागद हातात घेऊन विचारा. अर्धी माहिती दिली तर उत्तरही अर्धंच मिळतं. "पैसे वाचवले" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मात्र काहीही विचारू नका. उशाशी बसून यासीन पढायची, ओठांवर झमझम लावायचं, हे आयसीयूच्या भेटीच्या वेळेत बसत नाही, हेही लक्षात घ्या.

सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला मान्यता दिली. २०२३मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात लिहायची. एकापेक्षा जास्त चालतात, आणि ती मुलग्यांचीच हवीत असं कुठेही नाही.

अम्मीच्या कागदात पहिलं नाव माझ्या बहिणीचं आहे, माझं दुसरं. का, ते मी विचारलं नाही. नानीजवळ रात्री कोण जागलं, हे तिने पाहिलंय.

आता तुमचे प्रश्न घेऊ.