बावीस वर्षांचा गोलरक्षक

फुटबॉलच्या इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. गोलरक्षक मात्र लोकांच्या स्मरणात राहतो तो बहुधा त्याच्या हातून निसटलेल्या चेंडूमुळे. आज अशाच एका विस्मृत गोलरक्षकाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

जिमी थॉर्प इंग्लंडच्या ईशान्य भागातील जॅरो गावचा. त्याचा जन्म १९१३ सालचा. हे गाव जहाजबांधणीवर जगणारे. पुढे मंदीच्या काळात तेथील कारखाना बंद पडला आणि घरोघरी बेकारी आली. धंदेवाईक खेळाडूला त्या काळी हंगामात आठवड्याला आठ पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. तरीही अशा गावातील तरुणाला ते भाग्यच वाटावे. १९३० साली थॉर्प संडरलंड संघात दाखल झाला. त्याला मधुमेह होता. तशा स्थितीतही तो खेळत राहिला.

१ फेब्रुवारी १९३६ रोजी रोकर पार्कच्या मैदानावर चेल्सीशी सामना होता. हाती चेंडू असलेल्या गोलरक्षकाला खांद्याचा धक्का देण्याची तेव्हा मुभा असे. चेंडूसाठी झालेल्या झटापटीत थॉर्पच्या डोक्यावर व छातीवर लाथा बसल्या. तरीही त्याने मैदान सोडले नाही. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. घरी गेल्यावर तो कोसळला आणि ५ फेब्रुवारीस रुग्णालयात निवर्तला. वय अवघे बावीस.

चौकशी करणाऱ्या ज्यूरीने मृत्यूचे कारण मधुमेह व हृदयक्रिया बंद पडणे हे ठरविले. परंतु मैदानावरील दांडगाईने तो मृत्यू लवकर ओढवला, हेही नमूद केले. पंचांनी खेळाडूंना अधिक कडक शिस्त लावावी, असेही सुचविले. त्यानंतर नियम बदलला: गोलरक्षकाच्या हाती चेंडू असताना त्याच्यावर पाय उगारण्यास बंदी आली.

त्याच हंगामात संडरलंडने लीगचे अजिंक्यपद मिळविले. थॉर्पचे पदक त्याच्या पत्नीच्या हाती देण्यात आले.

नियमांची पुस्तके आपल्याला रुक्ष वाटतात. पंचाची शिट्टी वाजली की आपण चिडतो, खेळ मोडला म्हणतो. पण त्या पुस्तकातील एखादे वाक्य कोणाच्या तरी प्राणांचे मोल देऊन लिहिलेले असते. ते वाक्य आधीच लिहिले गेले असते तर, हा प्रश्न प्रत्येक खेळाने स्वतःला विचारावयास हवा.