पहिली चूक वाचा

(1996 च्या दहावीच्या तुकडीतील माजी विद्यार्थिनीने स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधली, तर कॉम्प्युटरवर बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." मी म्हटलं, मग एका उन्हाळ्याची गोष्ट सांगते. 2001 चा मे महिना, ठिकाण रोहा. त्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा एक सॉफ्टवेअर त्याच्या सोर्स कोडपासून बांधून चालवलं. आज माझं घर त्या कामावर चालतं. पण तेव्हा मला जे उपयोगी पडलं ते इंजिनीअरिंगमधलं कमी आणि या इमारतीतलं जास्त होतं. म्हणून ही गोष्ट इथेच सांगायला हवी.

आधी सोर्स कोड म्हणजे काय ते सांगते. पेणकरांना हे समजावणं सोपं आहे. दुकानातून आणलेली गणपतीची मूर्ती म्हणजे तयार सॉफ्टवेअर. देखणी असते, पण तिचा हात थोडा वर हवा असेल तर आता काही करता येत नाही. आत शाडू आहे की प्लास्टर, हे तर बऱ्याचदा विसर्जनानंतरच कळतं. याउलट हमरापूरला किंवा जोह्याला कारखान्यात गेलात, तिथे कारागिराने साचा, माती, रंग आणि सगळी कृती तुमच्या हाती दिली आणि वर सांगितलं, "घडवा, हवं तर बदला, दुसऱ्यालाही द्या," तर ते झालं ओपन सोर्स. सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल असा लिहिलेला मजकूर. तो कॉम्प्युटरला थेट कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं, त्याला म्हणतात कंपाइल करणं.

असा मजकूर सगळ्यांना खुला असावा, या हट्टाने रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. 1987 मध्ये त्यांचा जीसीसी हा कंपायलर आला. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आणि बाकी सगळी सॉफ्टवेअर यांच्यामधला गाभा, लोकांसमोर ठेवला. आणि दहा वर्षांनी तो एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून रोह्याला आमच्या घरी आला.

दहावीनंतर आम्ही पेण सोडलं हे तुम्हाला आठवत असेल. बाबा धाटावच्या एमआयडीसीत कामाला होते. रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून त्यांनी रोह्यालाच बिऱ्हाड केलं. 2001 मध्ये माझं इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष संपत होतं आणि दोन विषय राहिले होते. मराठी माध्यमातून गेलेली मुलगी वर्गात प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असतात. शिक्षण सोडावं असं मनात येत होतं, घरी बोलले नव्हते. बाबांनी मात्र पतपेढीचं कर्ज काढून 35,000 रुपयांचा असेंबल्ड कॉम्प्युटर आणला. त्यावर ते स्वतः संध्याकाळी आमच्या सोसायटीचा जमाखर्च टाइप करायचे, एका बोटाने.

मी सीडी घातली, लिनक्स बसवायला घेतलं, आणि हार्ड डिस्कचे भाग पाडताना विचारलेल्या एका प्रश्नाला न वाचता 'हो' म्हटलं. सगळं पुसलं गेलं. बाबांचे तीन महिन्यांचे हिशेबही गेले. फ्लॉपीवर प्रत घ्यायची असते हे मला शिकवलं होतं, मी घेतली नव्हती.

बाबा कामावरून आले. मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावत्या कपाटात आहेत. आधी हिशेब भर. मग ते तुझं काय आहे ते पुन्हा बसव. पण या वेळी काय काय करतेस ते लिहून ठेव." चार दिवस मी पावत्या भरल्या. पाचव्या दिवशी दोनशे पानी वही आणली.

आता खरी अडचण. लिनक्स बसलं, पण मॉडेम चालेना. त्या काळी स्वस्त कॉम्प्युटरमधली मॉडेम अर्धीच असायची. उरलेलं अर्धं काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने करायचं. लिनक्ससाठी तसं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवर होता, पण सोर्सच्या रूपात, आपल्या यंत्रावर कंपाइल करून घ्यायचा. गंमत बघा. इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर हवा तर इंटरनेट हवं.

म्हणून मी रोह्याहून पॅसेंजर पकडली. निडी, नागोठणे, कासू, पेण. इथल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ड्रायव्हर एका फ्लॉपीवर उतरवला. घरी आले तर फ्लॉपी वाचली जाईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेण. या वेळी तीन फ्लॉप्या, तिन्हींवर तेच. वहीत पहिली नोंद आहे: "एका फ्लॉपीवर विश्वास ठेवू नये."

सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधायच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली 'कॉन्फिगर'. ही तुमच्या यंत्रात फिरून बघते की लागणारी हत्यारं आणि सामान घरात आहे का. सणाच्या स्वयंपाकाआधी आई डबे उघडून बघते तसं. दुसरी 'मेक'. काय कशानंतर करायचं याची यादी वाचून ती एकेक फाइल कंपाइल करते आणि शेवटी सगळे तुकडे जोडून घेते. हे मेक 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, म्हणजे ते आपल्या तुकडीतल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठं आहे. तिसरी 'मेक इन्स्टॉल'. तयार माल जागेवर नेऊन ठेवते. सगळे अधिकार असलेला रूट वापरकर्ता साधारणपणे या शेवटच्या पायरीलाच लागतो, आधी नाही. हेही मी चुकून मगच शिकले.

मी 'मेक' म्हटलं आणि पडद्यावरून इंग्रजी ओळींचा लोंढा वाहत गेला. शेवटी एकच ओळ राहिली: एरर. त्या ओळीत काहीच कळण्यासारखं नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन दिवस मी ती शेवटची ओळ बघून रडकुंडीला आले. इंग्रजी येत नाही म्हणून हे जमत नाही, याची मला खात्री पटली होती.

आणि मला आठवलं वाक्यपृथक्करण. आपल्या मराठीच्या बाई आज इथे पुढच्या रांगेत आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर पाच ओळींचं एक वाक्य लिहायचात आणि सांगायचात, "लांबी बघून घाबरू नका. आधी क्रियापद शोधा. मग त्याला विचारा, कोण? मग विचारा, काय?" मी तेच केलं. लोंढा एका फाइलमध्ये साठवला आणि वरून वाचायला लागले. प्रत्येक तक्रारीची रचना एकच निघाली: कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत, काय बिघडलं. दोनशे ओळींमधली पहिली तक्रार साधी होती. एक हेडर फाइल सापडत नव्हती. बाकी 199 ओळी तिच्यामुळे आलेल्या होत्या. पाया खचला की वरच्या सगळ्या भिंतींना तडे जातात. आपण बघतो शेवटचा तडा.

पुढे कळलं की कंपायलर स्वतःही सुरुवातीला हेच करतो. मजकुराचे शब्द पाडतो, कुठला शब्द काय काम करतो ते ठरवतो, वाक्याची बांधणी तपासतो. बाई, जगातला प्रत्येक कंपायलर तुमच्या तासाला बसलेला आहे.

हरवलेली ती फाइल कर्नलच्या सोर्समध्ये होती आणि तो दुसऱ्या सीडीवर. दुसरी सीडी आपल्याच वर्गातल्या एका मित्राकडे होती. तो आज इथे आहे. नाव घेत नाही, कारण ती सीडी मी अजून परत केलेली नाही. तिसऱ्यांदा पॅसेंजर. ड्रायव्हर बांधून झाला तरी चालेना, कारण चालू कर्नल एका आवृत्तीचा आणि सोर्स दुसऱ्या. तेव्हा ठरवलं, कर्नलच बांधायचा.

त्या यंत्रावर त्याला दीड तासाच्या वर लागणार होता. रात्री जेवणं झाल्यावर सुरू केलं. तासाभराने वळवाचा पाऊस आला आणि रोह्यात वीज गेली. मी अंधारात बसून राहिले. बाबा टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "आत्तापर्यंतचं सांग, मी लिहितो." मी सांगत गेले, ते लिहीत गेले. पहाटे वीज आली. मला वाटलं, आता शून्यापासून. पण मेकची एक खुबी आहे. जी फाइल बांधून झाली आणि नंतर बदलली नाही, तिला ते पुन्हा हात लावत नाही. अर्धवट राहिलेली एक फाइल तेवढी पुसावी लागली. बाकी काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे गेलं. सकाळी नवा कर्नल चालू झाला, ड्रायव्हर बसला, आणि मॉडेमने तो कर्कश्श आवाज काढला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय जळलं का?"

राहिलेले दोन विषय मी त्याच वर्षी काढले. इंग्रजी एका रात्रीत सुधारलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की न समजणारी गोष्ट वरून, एकेका ओळीने वाचली तर समजते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या ड्रायव्हरमधला एक तुकडा मॉडेमच्या कंपनीने बंदच ठेवला होता, त्याचा सोर्स नव्हता. बाकी सगळं बदलता यायचं, तिथे भिंत लागायची. खुलं म्हणजे काय हे मला त्या बंद तुकड्याने शिकवलं.

आपल्या भाषेचं उदाहरण घ्या. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'वाऱ्यावर' या शब्दांतला तो पापणीसारखा र. हिंदीला तो लागत नाही, मराठीला त्याच्याशिवाय चालत नाही. 'आचार्य' आणि 'आचाऱ्याला' यातला फरकच त्याच्यावर उभा आहे. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेल्या ऱ ची सोय आहे. पण फॉन्टने आणि अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती पाळली नाही तर शब्द मोडतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये हे दिसलं तर आपण कंपनीला पत्र लिहायचं आणि वाट बघायची. खुल्यामध्ये ज्याला मराठी येतं तो स्वतः सोर्स उघडून दुरुस्ती करू शकतो. फायरफॉक्स, ग्नोम मराठीत दिसतात त्यामागे असेच मराठी लोक आहेत, बरेचसे स्वयंसेवक. मी पुण्यात नोकरीला लागल्यावर एकदा मोडक्या शब्दांची यादी करून पाठवली होती. काही महिन्यांनी नवी आवृत्ती स्वतः कंपाइल केली आणि पडद्यावर 'दुसऱ्या' नीट उमटलेला पाहिला. पगाराच्या कामात तेवढा आनंद क्वचितच मिळाला.

आता कोणी विचारेल, आजही असं घरी बांधावं लागतं का? नाही. एक आज्ञा दिली की तयार पॅकेज उतरतं, आणि रोजच्या कामाला तेच बरं. सोर्सपासून बांधलं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदार ठेवल्याचं उघड झालं. ज्याने ते ठेवलं त्याने आधी दोनेक वर्षं काम करून विश्वास कमावला होता. चोरदाराची किल्ली सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समध्ये नव्हती. कंपाइल करण्यासाठी लोक जो गठ्ठा उतरवतात, त्यात ती गुपचूप घातली होती. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरने. दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढंच त्याला खटकलं, आणि तो उलटा शोधत गेला. सोर्स खुला होता म्हणून त्याला शोधता आलं. पण खुला असून पुरत नाही, वाचणारा लागतो.

म्हणून माझी एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षात जुनी झाली म्हणून बाजूला ठेवलेली यंत्रं मी काल पाहिली. त्यातली बरीचशी हलक्या लिनक्सवर चालतील. नवे कॉम्प्युटर देण्यापेक्षा आपल्या तुकडीने त्यांच्यासाठी मेमरी आणि हार्ड डिस्क द्याव्यात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. मी महिन्यातला एक शनिवार पुण्याहून येईन. मुलांना तयार काही देणार नाही. एक छोटा प्रोग्राम सोर्सपासून बांधायला देईन आणि तो पहिल्या फटक्यात बांधला जाणार नाही याची काळजी घेईन. बाई, तुम्हाला जमेल तेव्हा तुम्हीही वर्गात येऊन बसा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ती वही माझ्याकडे आहे. तिच्यात त्या रात्रीचं एक पान त्यांच्या अक्षरात आहे. इंग्रजी स्पेलिंग माहीत नसल्याने त्यांनी ऐकलं तसं लिहिलंय: "मेक केले. लाईट गेली. मेक परत करणे." त्या पानाची प्रत मी आज शाळेला देते आहे. संगणक कक्षात लावा.