व्हॉल्व्हचा आवाज आणि आपले कान



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान आयोजित केले जाते, त्यांच्यापाशी मी याच शाळेत पदार्थविज्ञानाचे पहिले धडे गिरवले. त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी मनःपूर्वक कृतज्ञ आहे. आपल्यापैकी जे त्यांचे विद्यार्थी होते, त्यांना प्रयोगवहीतील तीन मथळे आठवत असतील : कृती, निरीक्षण आणि अनुमान. निरीक्षणाच्या जागी अनुमान लिहिलेले सरांना मुळीच खपत नसे. ‘काय दिसले ते आधी लिही, काय वाटले ते मागाहून,’ असे म्हणून ते वही परत करीत. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्या विषयात नेमकी हीच चूक मी अनेक वर्षे करीत होतो. हा विषय निवडण्याचे खरे कारण तेच आहे.

विषय आहे, घरी संगीत ऐकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. माझ्या वयाच्या श्रोत्यांना व्हॉल्व्हची वेगळी ओळख करून द्यावयास नको. बेळगावातल्या कितीतरी घरांत माजघराच्या कोनाड्यात वा बैठकीच्या फळीवर लाकडी पेटीचा रेडिओ असे. बटण फिरविले की लगेच आवाज येत नसे. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस होत, अर्ध्या मिनिटाने हळूहळू धारवाडचे केंद्र बोलू लागे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि या नळ्या घराघरांतून गेल्या. तरीही, आज जगात व्हॉल्व्हचे नवे अ‍ॅम्प्लिफायर तयार होतात, चढ्या किमतीला विकले जातात, आणि त्यांचा आवाज अधिक ‘उबदार’ व ‘जिवंत’ असतो असे त्यांचे चाहते छातीठोकपणे सांगतात. त्यांत मीही होतो. हा जिव्हाळा भ्रमाचा की त्याला काही आधार आहे, हे आज तपासून पाहू.

प्रथम या नळीचे कार्य थोडक्यात पाहू. काचेच्या निर्वात नळीत एक ऋणाग्र तापविला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धनाग्राकडे धावतात. १९०४ साली जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी या तत्त्वावर दोन अग्रांची नळी केली. प्रवाह तिच्यातून एकाच दिशेने जातो, म्हणून तिला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, हे नाव मिळाले. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी मध्ये तिसरा अग्र घातला. पुढे ‘ग्रिड’ म्हणजे जाळी या नावाने ओळखल्या गेलेल्या या अग्रावरील दाबात किंचित बदल केला की पलीकडे वाहणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. पाटाच्या तोंडाशी असलेली फळी बोटभर वरखाली केली की शेतातले पाणी कमीजास्त व्हावे, तसेच हे. क्षीण संदेशाचे वर्धन होते ते असे.

परंतु वर्धन करताना मूळ आकृती थोडी तरी बिघडते. हा बिघाड ताब्यात ठेवण्याची गुरुकिल्ली १९२७ साली बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ब्लॅक यांना सापडली. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत आणावयाचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारते. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. याच तत्त्वाचा उपयोग करून इंग्लंडमधील डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात एका अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. केटी ६६ जातीच्या दोन नळ्यांतून १५ वॅट शक्ती मिळे आणि विरूपण एक दशांश टक्क्याहूनही कमी राही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या वर्षी व्हॉल्व्हचा उत्तराधिकारी जन्मला, त्याच वर्षी व्हॉल्व्हने घरगुती श्रवणात जवळजवळ निर्दोषपणा गाठला होता.

मग व्हॉल्व्हचा आवाज वेगळा, ही समजूत आली कोठून? तिला एके काळी चांगला आधार होता. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांत दोन ट्रान्झिस्टर संदेशाचा एकेक अर्धा भाग उचलीत. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना सांध्यात खाच पडे. आवाज मोठा असताना ती लपून जाई, पण गवयाचा स्वर हळुवार होऊ लागला की तीच खाच टोचू लागे. चांगल्या व्हॉल्व्ह यंत्रात याच्या उलट घडते : आवाज जितका लहान, तितका दोष कमी. म्हणून त्या काळी ज्यांना व्हॉल्व्हचा आवाज गोड वाटला, त्यांचे कान खोटे सांगत नव्हते.

दुसरा आधार बिघाडाच्या जातीचा. शक्तीची मर्यादा ओलांडली की ट्रान्झिस्टर यंत्र तरंगाचा माथा सपाट छाटून टाकते, तर व्हॉल्व्ह, विशेषतः फीडबॅक कमी असल्यास, तो हळूहळू वाकविते. १९७३ साली रसेल हॅम यांनी ध्वनिमुद्रणातील मायक्रोफोन-अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेबाहेर चालवून हा फरक मांडला. संगीत जाणणाऱ्या आपल्या श्रोत्यांना तो स्वरांच्या भाषेत सांगता येईल. मूळ स्वर षड्ज मानला, तर दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर हा तार षड्ज, तिप्पट कंपनसंख्येचा हा तार पंचम, आणि पाचपटीचा त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. हे सारे मूळ स्वराचे सगेसोयरेच. सातपटीचा उपस्वर मात्र कोमल निषादाच्याही खाली उतरतो आणि परका वाटतो. हळुवार वाकणे खालच्या उपस्वरांची भर घालते, तर तीक्ष्ण छाटणी वरच्या, परक्या उपस्वरांची. अर्थात, हा हिशेब एकट्या स्वराचा. अनेक वाद्ये एकत्र वाजू लागली की तोच बिघाड त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर निर्माण करतो, आणि ते सारेच सुरात नसतात.

हे दोन आधार खरे असले तरी मर्यादेच्या आत, चांगल्या यंत्रावर काय होते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यात पुढाकार घेतला तो पीटर वॉकर यांनी. इंग्लंडमधील हंटिंग्डनच्या या गृहस्थांनी १९५३ साली ‘क्वाड २’ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. आजही संग्राहक तो जपून ठेवतात. पुढे १९६७ साली ‘क्वाड ३०३’ आणि १९७५ साली ‘क्वाड ४०५’ ही ट्रान्झिस्टरची यंत्रेही त्यांनीच केली. तिन्हींची तुलना जेम्स मॉयर यांनी केली आणि १९७८ साली ती ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध झाली. कोणते यंत्र चालू आहे हे श्रोत्यांना सांगितलेले नव्हते. त्यांची उत्तरे निव्वळ योगायोगाहून वेगळी निघाली नाहीत. आपल्या जुन्या नळ्यांच्या कीर्तीवर माल खपविणे वॉकर यांना सहज शक्य होते. उत्तम अ‍ॅम्प्लिफायरने आपले असे काही बोलूच नये, या मतावर मात्र ते ठाम राहिले.

ही हकीकत वाचूनही माझी खात्री पटली नव्हती. माझ्या घरी मी स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. रचना इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीची, १० वॅटची. तीत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनविलेल्या ईएल ८४ नळ्या बसविल्या होत्या. दुकानातून आणलेल्या ट्रान्झिस्टर यंत्राहून त्याचा आवाज श्रेष्ठ आहे, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत असे. माझ्या शब्दावर विसंबून एका मित्राने, निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून, मोठी रक्कम घालून व्हॉल्व्हचे यंत्र घेतले.

एके दिवशी माझ्या मुलीने पडद्याआड बसून दोन्ही यंत्रे आलटूनपालटून लावली. कोणते लावावयाचे हे ती दर वेळी नाणे उडवून ठरवी. ख्यालाची एकच ध्वनिमुद्रिका वीस वेळा ऐकून मी अठरा वेळा बरोबर ओळखले. मला आनंद झाला. तिने एकच प्रश्न विचारला : ‘बाबा, दोन्हींचा आवाज सारखा मोठा होता का?’ तो मी मोजलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी स्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावून पाहिले, तर माझे यंत्र किंचित मोठ्याने वाजत होते. एवढासा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘अधिक चांगला’ म्हणून जाणवतो. दोन्ही आवाज काटेकोरपणे सारखे करून पुन्हा वीस वेळा ऐकले. बरोबर उत्तरे आली अकरा. नुसते नाणे उडविले असते, तरी दहाच्या आसपास आली असती.

त्या रात्री मला सरांची लाल शाई आठवली. निरीक्षणाच्या जागी मी इतकी वर्षे अनुमान लिहीत आलो होतो.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांत कधीच फरक ऐकू येत नाही, असे मात्र यावरून कोणी समजू नये. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० नंतरच्या दशकात आणलेली ३००बी ही नळी जपानी शौकिनांनी पुन्हा डोक्यावर घेतली. ती एकटीच, फीडबॅकशिवाय चालविली तर जेमतेम ८ वॅट मिळतात आणि यंत्राचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम राहतो. स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. तो कोठे ६ ओहम, तर कोठे ३० ओहम असू शकतो. यंत्राचा रोध ३ ओहम धरून हिशेब केला, तर काही स्वर अडीच डेसिबलहून अधिक वर उचलले जातात. हा फरक कानाला स्पष्ट कळतो. मात्र तो नळीतल्या गूढ गुणाचा नसून यंत्र आणि स्पीकर यांच्या जोडीचा असतो, आणि स्पीकर बदलला की तोही बदलतो.

येथे आपल्या जवळच्या मिरजेचे स्मरण होते. तेथील कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडीचा पृष्ठभाग अशा बेताने घासतात की तारेतून उपस्वरांचा झरा फुटावा. तो दोष कोणी म्हणत नाही, कारण तंबोरा हे वाद्य आहे. विद्युत गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरही असाच वाद्याचा एक भाग असतो. वादकाला तो बिघाड हवाच असतो. परंतु घरातला अ‍ॅम्प्लिफायर हे वाद्य नव्हे. गवयाने व वादकाने जे दिले, ते आपल्यापर्यंत पोचविणे एवढेच त्याचे काम. कोणाला त्यात थोडी साखर घालून घ्यावीशी वाटली तर ती ज्याची त्याची आवड आहे. साखरेला दुधाची शुद्धता म्हणू नये, इतकेच.

मग व्हॉल्व्हचे आकर्षण टिकले कशावर? माझ्या मते त्याची कारणे कानाबाहेरही आहेत. या यंत्रात काय घडते ते डोळ्यांना दिसते. मोजके भाग असतात, आणि आकृती हाती असली तर सामान्य कारागीरही दोष शोधू शकतो. नळी गेली तर खोबणीतून काढून दुसरी बसविता येते. स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथील कारखान्यांनी नळ्यांचे उत्पादन चालू ठेवल्यामुळे हे आजही शक्य आहे. तोटेही आहेत. माझ्या यंत्रातल्या चार ईएल ८४ नुसत्या तापण्यासाठी सुमारे १९ वॅट खातात. आत तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये रेंगाळू शकतो. ‘अशा पेटीत हात घालताना दुसरा हात पाठीमागे ठेवा,’ हे सरांनी आम्हाला बजावले होते. ज्यांना हा छंद लागेल, त्या विद्यार्थ्यांनी ते विसरू नये.

माझ्या त्या मित्राकडे मी गेलो आणि झाला प्रकार सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘फरक ऐकू येतो असे तू सांगितलेस, म्हणून मी पैसे घातले, हे खरे. पण आता संध्याकाळी यंत्र तापेपर्यंत थांबायचे, दिवा मालवायचा आणि एक पूर्ण राग ऐकायचा, अशी सवय लागली आहे. पूर्वी मी गाणे लावून वर्तमानपत्र वाचत असे.’ त्याने ते यंत्र विकले नाही. मीही माझे ठेवले आहे. पण कोणी विचारले, तर त्याचा आवाज अधिक चांगला आहे असे मी आता सांगत नाही. मला ते आवडते, एवढेच सांगतो.

प्रयोगवहीत ही नोंद मी अशी लिहीन. कृती : आवाज सारखे करून, न पाहता ऐकले. निरीक्षण : फरक ओळखता आला नाही. अनुमान : यंत्र प्रिय आहे, ते इतर कारणांनी. सर आज असते, तर ही वही त्यांनी परत केली नसती, अशी मला आशा आहे.