पाण्याची पाळी



हीरकमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा मला सर्वप्रथम आठवला तो शाळेच्या व्हरांड्यातला रांजण. तो भरण्याची दर आठवड्याला दोघा विद्यार्थ्यांची पाळी असे. शिपाईमामांनी ते काम सहज केले असते. तरीही बाई फळ्याच्या कोपऱ्यात आमचीच नावे लिहीत. पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही त्यातून सूट नव्हती. या पाळीला कोणी मूल्यशिक्षण म्हणत नसे. तिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा, पुष्कळ दूर गेल्यावर कळला.

गेली अनेक वर्षे मी बंगळूरुच्या सर्जापूर रोडवर राहतो. हे शहर मोठ्या नदीकाठी वसलेले नाही. पूर्वी ते तळ्यांवर जगले. आता कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. आमच्या भागातील कित्येक वसाहतींची भिस्त कूपनलिका आणि टँकरवरच राहिली. सप्टेंबर 2022 मध्ये या रस्त्यालगतच्या घरांत पुराचे पाणी शिरले आणि माणसांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. अवघ्या दीड वर्षाने, मार्च 2024 मध्ये, कूपनलिका आटल्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास 5,000 रुपये दंड जाहीर झाला.

त्याच मार्चमधली गोष्ट. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई सलग तीन दिवस उशिरा आल्या. चौथ्या दिवशी मी त्यांना कठोर शब्दांत बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "वस्तीत टँकर येईपर्यंत रांग सोडता येत नाही." त्या वेळी माझ्या हातात कुंड्यांना पाणी घालायची झारी होती. मी ती खाली ठेवली. पण बोललेला शब्द परत घेता आला नाही.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या सभेत एक प्रश्न आला: घरकामाला येणाऱ्या स्त्रिया आणि पहारेकरी यांच्यासाठी फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा एक नळ सुरू ठेवावा काय? "आपल्यालाच पुरत नाही," असे कोणी म्हणाले, आणि ते खोटेही नव्हते. मी गप्प बसलो. अखेर एक कन्नडभाषक आजी उठून म्हणाल्या, "आमच्या घरी रोज एक बादली कमी वापरू." मग एकेक हात वर होत गेला. माझाही झाला, पण पाचवा की सहावा. पहिला हात माझा नव्हता, हे शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना संकोच वाटतो; म्हणूनच सांगतो.

नळ सुरू राहिला. पुढे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी आम्ही पुनर्भरण विहीर खणून घेतली. ती खणणारे मण्णू वड्डर समाजाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणणारी ही माणसे, आपल्याकडच्या वडारांसारखीच. विहिरीच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यावरचा पालापाचोळा आणि गाळ पावसाळ्यात वारंवार काढावा लागतो, नाहीतर पाणी तुंबते. त्यासाठी आम्ही घर क्रमांकानुसार पाळी लावली. ज्यांना मी केवळ लिफ्टमध्ये पाहत असे, त्यांची नावे मला गाळाने भरलेल्या हातांनी कळली. कोणाचे वडील आजारी आहेत, कोणाची नोकरी गेली आहे, हेही तिथेच कळले.

आमच्या रस्त्यावरचे कैकोंड्रहळ्ळीचे तळे असेच वाचले. 2009 च्या सुमारास परिसरातील नागरिकांनी महापालिकेला सोबत घेऊन त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले आणि पुढे त्याची देखभालही सांभाळली. त्या माणसांकडे पाहून "यांना सवड आहे" असे म्हणत मी कित्येकदा तेथून पुढे गेलो होतो. सवड कोणालाच नसते. ती काढावी लागते. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत; कीर्तन नंतर. गावाची वृत्ती बदलेपर्यंत ते थांबले असते, तर रस्ते तसेच राहिले असते. हातांना सवय लागली की मन मागून येते, असा माझा अनुभव आहे.

पालकहो, मुलांना दया, सहकार्य, समता हे शब्द अवश्य शिकवावेत; पण घरात आणि परिसरात एखादे काम त्यांच्या नावावर लावावे. त्यात गुण नसावेत, बक्षीस नसावे आणि सूटही नसावी. माजी विद्यार्थ्यांनो, आपण जिथे असाल तिथल्या यादीत आपले नाव आहे ना, एवढे पाहावे. नसेल तर ते स्वतःच लिहावे.

त्या ताई उन्हाळ्यात आजही रांगेत उभ्या राहतात. फाटकाजवळच्या एका नळाने ती रांग संपलेली नाही, हे मी जाणतो. आपला रांजणही संध्याकाळी रिकामाच असे, आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नसे. दिवसभर त्यातून कोणीतरी पाणी प्यालेले असे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरायचा, एवढेच.