रात्रीचे दोन की सकाळचे दोन?

इंग्रजीच्या पहिल्याच धड्यांत गुरुजी फळ्यावर लिहितात : मॉर्निंग म्हणजे सकाळ, आफ्टरनून म्हणजे दुपार, ईव्हिनिंग म्हणजे संध्याकाळ, नाइट म्हणजे रात्र. मुलं चार शब्द घोकतात आणि सर्वांना वाटतं, झालं काम! पण खरी अडचण इथूनच सुरू होते. कारण आपला दिवस आणि इंग्रजीचा दिवस एकाच मापानं मोजलेले नाहीत.

आपण सूर्याकडं पाहून बोलतो. तांबडं फुटलं, उजाडलं, दिवस कासराभर वर आला, उन्हं कलली, तिन्हीसांजा झाल्या, निजानीज झाली. इंग्रजीनं मात्र दोन खुंट ठोकले आहेत : एक मध्यरात्रीचा, दुसरा नूनचा, म्हणजे दुपारी बाराचा. मध्यरात्रीपासून नूनपर्यंतचा सगळा वेळ मॉर्निंगच्या खात्यात जमा! बाहेर मिट्ट काळोख असतो, कोंबडाही आरवलेला नसतो, आपण म्हणतो रात्रीचे दोन. इंग्रज म्हणतो, 'टू इन द मॉर्निंग'. वेळेपुढं लिहितात ती ए. एम. आणि पी. एम. ही अक्षरंही लॅटिन शब्दांची आहेत. पहिल्यांचा अर्थ माध्यान्हापूर्वी, दुसऱ्यांचा माध्यान्हानंतर.

हा फरक मला पुस्तकानं नव्हे, आगगाडीनं शिकवला. नुकताच एम. ए. झालो होतो, तेही इंग्रजी घेऊन! नोकरीच्या मुलाखतीला निघायचं होतं. तिकिटावर मंगळवारची तारीख होती आणि वेळ शून्य वाजून चाळीस मिनिटं. मी मंगळवारी रात्री जेवून, आईच्या पाया पडून स्टेशनावर गेलो. तपासनीस तिकीट पाहून म्हणाले, "अहो, तुमची गाडी कालच गेली." खरंच होतं. मध्यरात्री मंगळवार लागला आणि चाळीस मिनिटांत गाडी सुटली. मी मात्र ती सोमवारची रात्र समजून घरी झोपलो होतो. आपल्या जुन्या रीतीप्रमाणं सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही ना! मुलाखत हुकली ती हुकलीच.

आता संध्याकाळ पाहा. अंधार पडला की आपली रात्र सुरू होते. इंग्रजीत रात्री आठलाही माणूस भेटला, तर 'गुड ईव्हिनिंग'च म्हणतात. 'गुड नाइट' हा निरोपाचा शब्द आहे. आल्या पाहुण्याला दारातच 'गुड नाइट' म्हणणं म्हणजे त्याला आल्या पावली वाटेला लावणं.

पण इंग्रजी ही अगदीच परकी नाही बरं का! आपला 'दुपार' हा शब्द दोन प्रहरांवरून आला. सूर्योदयापासून दोन प्रहर म्हणजे सहा तास. 'नून'चं मूळ लॅटिनमधल्या नवव्या तासात आहे. तो तासही सूर्योदयापासूनच मोजत. म्हणजे नून पूर्वी दुपारी तीनच्या सुमारास येई. पुढं सरकत सरकत ती बारावर आली. तेव्हा सूर्याकडं पाहून वेळ सांगणारे आपणच एकटे नव्हतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, माझी एक सूचना आहे. शब्दाला शब्द देऊ नका. फळ्यावर एक वर्तुळ काढा, चोवीस तास मांडा. आतल्या बाजूला मुलांच्याच तोंडचे शब्द लिहा : पहाट, न्याहारीची वेळ, दिवेलागण. बाहेरच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहा. कोणता शब्द कुठं सांडतो ते मुलांनाच शोधू द्या. 'इन द मॉर्निंग', 'इन द ईव्हिनिंग', पण 'ॲट नून' आणि 'ॲट नाइट' हेही वाक्यांतूनच म्हणवून घ्या.

आणि श्रोतेहो, घरातल्या कुणाचं रात्री बारानंतरच्या गाडीचं तिकीट असेल, तर एवढंच विचारा : ही रात्र कोणत्या दोन वारांमधली? 'सोमवार आणि मंगळवार यांमधली रात्र' असं तिकिटामागं मराठीत लिहून ठेवा. माझी गाडी चुकली. तुमच्या मुलाची चुकू नये.