सहकारी संस्थेत मालक कोण असतो?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मला ‘सहकारी संस्था कशा चालतात’ हा विषय दिला आहे. मी सहकार खात्यातला अधिकारी नाही आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापकही नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. एखादी व्यवस्था समजून घ्यायची असेल, तर तिच्यात पैसा कुठून येतो, निर्णय कोण घेतं आणि शेवटी फायदा कोणाकडे जातो, एवढं आधी कागदावर मांडायचं, अशी आमच्या कामातली सवय आहे. तीच सवय घेऊन मी सहकाराकडे पाहणार आहे.

सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? साखर कारखान्याचे चेअरमन आणि त्यांच्या गाड्या. हाउसिंग सोसायटीतली पार्किंगची भांडणं. नाहीतर एखादी बुडालेली पतसंस्था आणि तिच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या बायका. हे सगळं खरं आहे. पण एवढ्यावरून सहकार म्हणजे लबाडी असं ठरवून टाकलं, तर आपल्या हातातलं एक साधन आपणच फेकून देऊ.

कंपनी आणि सहकारी संस्था यांच्यातला मुख्य फरक मतदानात आहे. कंपनीत मत शेअरला असतं. माझ्याकडे कंपनीचे शंभर शेअर असतील आणि कोणाकडे दहा लाख असतील, तर माझी शंभर मतं आणि त्याची दहा लाख. सहकारी संस्थेत मत माणसाला असतं. तुम्ही एक भाग घ्या किंवा पन्नास घ्या, मत एकच. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा हेच सांगतो. शिवाय कोणाही एका व्यक्तीला संस्थेच्या भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग घेता येत नाहीत, असंही बंधन त्यात आहे. म्हणजे पैशाच्या जोरावर संस्था विकत घेण्याची वाट कायद्याने बंद केली आहे. मागच्या दाराने ती कशी उघडली जाते, त्याकडे मी नंतर येतो.

दुसरा फरक नफ्याच्या वाटपात आहे. इथे आपण एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त हिशोब कळावा म्हणून.

आपल्यातले काही जण मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे आहेत, त्यांना यंत्रमागाचं अर्थकारण सांगायला नको. समजा, दोन-चार माग असलेल्या पन्नास जणांनी मिळून सूत खरेदीची संस्था काढली. प्रत्येकाने वीस हजारांचे भाग घेतले. दहा लाख रुपये भांडवल जमलं. एकटा माणूस व्यापाऱ्याकडे उधारीवर सूत मागायला जातो, तेव्हा भाव व्यापारी ठरवतो. पन्नास जणांची ऑर्डर घेऊन संस्था थेट सूतगिरणीकडे गेली, की बोलणी बदलतात. वर्षभरात संस्थेने सभासदांना दहा कोटींचं सूत विकलं आणि सगळा खर्च वजा जाऊन वीस लाख रुपये उरले.

आता हे वीस लाख कोणाचे? कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. पाच लाख तिकडे गेले. हे पैसे वाटून खायचे नसतात, ते वाईट वर्षासाठी असतात. मग भागावरचा लाभांश. त्याला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. पूर्ण १५ टक्के दिला तरी दहा लाखांवर दीड लाख होतात. कामगारांचा बोनस आणि इतर निधी यांसाठी साडेतीन लाख धरू. उरले दहा लाख. हे दहा लाख सभासदांना परत जातात, ते त्यांनी वर्षभरात केलेल्या खरेदीच्या प्रमाणात. दहा कोटींवर दहा लाख म्हणजे शेकडा एक रुपया. ज्याने वीस लाखांचं सूत घेतलं, त्याला वीस हजार परत. त्याच माणसाला वीस हजारांच्या भागांवर लाभांश मात्र तीन हजारच.

या दोन आकड्यांकडे नीट पाहा. पैसा गुंतवला म्हणून तीन हजार आणि संस्थेशी व्यवहार केला म्हणून वीस हजार. सहकाराचा सगळा विचार या फरकात आहे. इथे भांडवलाला भाडं मिळतं, मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती संस्था वापरणाऱ्याला.

ही पद्धत पक्की रुजवली तीही कापडाच्या धंद्यातल्याच माणसांनी. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जण एकत्र आले. त्यांत बरेच विणकर होते. गिरण्यांमुळे हातमागाची मजुरी पडलेली, दुकानदार उधारीत अडकवणारा आणि भेसळ करणारा. त्यांनी प्रत्येकी एक पाउंड हळूहळू साठवला आणि डिसेंबरमध्ये टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या, एवढाच माल. माप चोख, मालात भेसळ नाही, उधारी नाही, प्रत्येकाला एक मत आणि नफा खरेदीच्या प्रमाणात. जगभरातल्या सहकारी संस्थांची आजची तत्त्वं याच दुकानाच्या नियमांवर उभी आहेत.

संस्था कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायचं असेल, तर तिचे सभासद कोण आहेत ते विचारा. माल विकत घेणारे सभासद असतील तर ती ग्राहक संस्था. माल पिकवणारे किंवा बनवणारे असतील तर उत्पादकांची. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातला १९४६ चा दूध संघ अशीच उत्पादकांची संस्था, त्यातूनच पुढे अमूल उभं राहिलं. आपल्याकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना झाला, तोही त्यातलाच. बचत करणारे आणि कर्ज घेणारे सभासद असतील तर पतसंस्था किंवा सहकारी बँक. आणि काम करणारेच मालक असतील तर कामगारांची संस्था. हा चौथा प्रकार आपल्याकडे सगळ्यात कमी ठाऊक आहे, म्हणून त्याची एक गोष्ट सांगतो.

केरळच्या वडकराजवळ ऊरालुंगल नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वाग्भटानंद नावाचे समाजसुधारक काम करत होते. जातिभेद, अंधश्रद्धा, दारू यांच्याविरुद्ध ते बोलत. त्यांनी आत्मविद्या संघ स्थापन केला. गावातले मजूर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली. जमीनदारांनी त्यांना काम देणं बंद केलं. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्याला आधी उपाशी ठेवायचं, ही जुनी रीत आहे. ती कोणत्या एका धर्माची किंवा जातीची नाही.

त्या मजुरांनी काय केलं? मालकाच्या दारात जाऊन माफी मागितली नाही. १९२५ साली चौदा जणांनी मिळून आपलीच मजूर सहकारी संस्था काढली. ठेकेदाराऐवजी संस्था काम घेणार आणि सभासद ते करणार. सुरुवात छोट्या-मोठ्या बांधकामांपासून झाली, बरीच वर्षं ओढाताणीत गेली. आज ती ऊरालुंगल लेबर कॉन्ट्रॅक्ट को-ऑपरेटिव्ह सोसायटी केरळमधले रस्ते आणि पूल बांधते. हजारो लोक तिथे काम करतात. संचालक मंडळ कामगार सभासदांमधूनच निवडलं जातं. कोचीतला पालारीवट्टमचा उड्डाणपूल २०१६ मध्ये सुरू झाला आणि तडे गेल्यामुळे २०१९ मध्ये बंद करावा लागला. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनच्या देखरेखीखाली तो पुन्हा बांधण्याचं काम याच संस्थेने केलं आणि मुदतीच्या आधी, मार्च २०२१ मध्ये, पूल वाहतुकीला खुला झाला.

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं, पण कोझिकोडमध्ये आयटी कंपन्यांसाठी सायबर पार्क उभारणारी संस्थाही हीच. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना फावडं धरायचं कामही नाकारलं गेलं, त्यांच्या संस्थेच्या इमारतीत आज माझ्यासारखी मुलं कोड लिहितात.

ऊरालुंगलकडून मी एक गोष्ट घेतो. विचाराच्या लढाईला पोटाचा आधार लागतो. ज्याची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचं मत फार काळ स्वतःचं राहत नाही. शिवणकाम करणाऱ्या आपल्या बायका, फेरीवाले, गॅरेजमधली मुलं, रिक्षावाले यांच्यासाठी संघटना म्हणजे मोर्चा आणि निवेदन एवढंच असून चालणार नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. एक माणूस एक मत, नफ्यावर मर्यादा, सगळं कायद्यात आहे. तरी संस्था बुडतात. का?

आमच्या गावातली एक पतसंस्था बुडाली. नाव सांगत नाही. आमच्या मोहल्ल्यात तिचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी यायचा. खाला पन्नास रुपये द्यायच्या, दुधवाला शंभर द्यायचा. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. संस्थेला टाळं लागलं तेव्हा लोक म्हणाले, चेअरमनने खाल्लं. मी जुने अहवाल मिळवून वाचले. थकीत कर्ज तीन वर्षं सलग वाढत होतं. लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’वरून ‘ब’ आणि मग ‘क’ झाला होता. हे लपवलेलं नव्हतं, छापलेलं होतं. दरवर्षीच्या सभेत ते मंजूरही झालं होतं. आपल्याकडची सभा तुम्ही पाहिली आहे. विषय क्रमांक एक वाचायचा आणि पुढच्या रांगेतून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर!’ वीस मिनिटांत सगळे विषय संपतात आणि नाश्त्याची पाकिटं वाटली जातात.

मागचं दार ते हेच. कंपनी ताब्यात घ्यायला शेअर विकत घ्यावे लागतात. सहकारी संस्था ताब्यात घ्यायला सभासदांनी घरी बसणं पुरेसं असतं. हजार सभासदांच्या संस्थेत सभेला चाळीसच येत असतील आणि त्यांतले पंचवीस एकाच माणसाचे असतील, तर एक माणूस एक मत हा नियम कागदावर राहतो.

आणखी एक गोष्ट त्या खालांना ठाऊक नव्हती. त्यांच्या पासबुकावर ‘नाममात्र सभासद’ असं लिहिलं होतं. नाममात्र सभासदाला मत नसतं. पैसे त्यांचे, जोखीम त्यांची, पण सभेत हात वर करायचा अधिकार नाही. आणि सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, तसं पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पाटीवर ‘सहकारी’ आहे म्हणून दोन्ही सारख्या नसतात. आपल्या घरच्या मोठ्यांना हा फरक आजच समजावून सांगा.

सभासदाला कायद्याने बरंच दिलं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. संस्थेचे उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, सभासदांची यादी हे सभासदाला पाहता येतं, ठरलेली फी भरून नकला मागता येतात. दाद मिळाली नाही तर निबंधकांकडे तक्रार करता येते. नवी संस्था काढायची असेल तर वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. सहकारी संस्था स्थापन करणं हा २०१२ पासून संविधानाच्या कलम १९ मध्ये मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला आहे.

पण एक सावधगिरीची सूचना. इथून उठून लगेच संस्था काढायला धावू नका. सहकारात निर्णय सावकाश होतात. भांडवल कमी असतं. हिशोब ठेवणारा माणूस पगार देऊन ठेवावा लागतो, मित्र आहे म्हणून फुकट चालत नाही. आणि नातेवाइकाला कर्ज नाकारायची हिंमत लागते. दहा जणांनी सहा महिने नुसती एकत्र खरेदी करून पाहा, हिशोब वहीत लिहा, दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा. त्या वाचनाला शेवटपर्यंत दहाच्या दहा जण येत असतील, तरच नोंदणीचा अर्ज भरा.

आणि तोपर्यंत? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी एखाद्या संस्थेचं भागपत्र आहे, त्यांनी ते शोधून काढा. पूर्ण सभासद आहात की नाममात्र, ते बघा. सभेची नोटीस आली की अहवाल मागवून घ्या आणि त्यातली तीनच पानं वाचा: ताळेबंद, थकबाकी, लेखापरीक्षणाचा वर्ग. मग सभेला जा आणि एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीपेक्षा थकबाकी का वाढली? पुढची रांग ‘मंजूर’ म्हणून ओरडेल. तुम्ही उभेच राहा आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.